बिफोर, दॅट, टू, अप: इंग्रजीतल्या छोट्या शब्दांची जात कशी ओळखायची

‘बिफोर’ची शब्दजात कोणती, असा सुटा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर नाही. आधी वाक्य द्यावे लागते. हे मराठीलाही लागू आहे. ‘तो वर गेला’ यातला ‘वर’ क्रियाविशेषण अव्यय, तर ‘झाडावर’ यातला ‘वर’ शब्दयोगी. मराठीत शब्दयोगी मागच्या शब्दाला जोडून लिहितात, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. इंग्रजीत सगळे शब्द सुटे असतात आणि प्रिपोझिशन (आपल्या शब्दयोगीसारखे काम करणारा शब्द) नामाच्या आधी येते. तिथे फरकाची खूण शोधावी लागते, आणि ती बहुतेक वेळा शब्दाच्या लगेच उजवीकडे सापडते.

म्हणून सवय अशी लावावी. वाक्यातली काळ दाखवणारी सगळी क्रियापदे अधोरेखित करा. मग संशयित शब्दाच्या पुढे काय आहे ते पाहा. नुसते नाम किंवा सर्वनाम असेल तर प्रिपोझिशन. स्वतःचा कर्ता आणि काळदर्शक क्रियापद असलेले पूर्ण उपवाक्य असेल तर कंजंक्शन, म्हणजे उभयान्वयी अव्यय. काहीच नसेल तर ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण.

‘वी एट बिफोर द मीटिंग’ यात प्रिपोझिशन आहे, ‘वी एट बिफोर द मीटिंग स्टार्टेड’ यात कंजंक्शन आणि ‘आय हॅव सीन हिम बिफोर’ यात ॲडव्हर्ब. ‘सिन्स’ आणि ‘आफ्टर’ही याच तीन जागी बसतात. खात्री करायची असेल तर त्या जागी ‘ड्यूरिंग’ आणि ‘व्हाइल’ घालून पाहा. अर्थ बदलेल, पण सध्या फक्त वाक्य उभे राहते का एवढेच बघायचे आहे. ‘ड्यूरिंग’ नेहमी प्रिपोझिशन असते, आणि उपवाक्य जोडणारा ‘व्हाइल’ कंजंक्शन. ‘ड्यूरिंग द मीटिंग स्टार्टेड’ कोसळते, ‘व्हाइल द मीटिंग स्टार्टेड’ टिकते.

इथे दोन ठिकाणी चूक होते. पहिले म्हणजे ‘बिफोर लीव्हिंग’. ‘लीव्हिंग’ क्रियापदासारखे दिसते, पण त्याला काळ नाही आणि स्वतःचा कर्ताही नाही. शालेय व्याकरणात ते जेरंड, म्हणजे नामाचे काम करणारे रूप. त्यामुळे ‘बिफोर’ प्रिपोझिशन ठरते. ‘व्हाइल लीव्हिंग’ हेही शुद्ध इंग्रजी आहे, म्हणून ‘आयएनजी’ रूपापुढे वरची अदलाबदल वापरू नका. दुसरे ठिकाण ‘आफ्टर द गेम यू लॉस्ट’. पुढे ‘लॉस्ट’ हे काळदर्शक क्रियापद दिसते आणि हात कंजंक्शनकडे वळतो. पण ‘यू लॉस्ट’ हे ‘गेम’चे वर्णन आहे. ‘द गेम यू लॉस्ट’ हा सगळा गट काढून ‘इट’ ठेवा. ‘आफ्टर इट’ चालते, म्हणजे प्रिपोझिशन.

सर्वांत जास्त वेळ ‘दॅट’ला द्यावा लागतो, कारण हा एकच शब्द पाच कामे करतो. त्यातली तीन पटकन सुटतात. ‘दॅट हाऊस’चे अनेकवचन ‘दोज हाऊसेस’ होते, म्हणून तो डिटरमायनर; आपल्या शाळेतल्या भाषेत दर्शक विशेषण. ‘दॅट इज माइन’चे ‘दोज आर माइन’ होते आणि पुढे नाम नाही, म्हणून सर्वनाम. ‘इट इजन्ट दॅट हार्ड’ यात ‘दॅट’च्या जागी ‘व्हेरी’ बसते, म्हणून ॲडव्हर्ब.

उरतात संबंधी सर्वनाम आणि कंजंक्शन. इथे ‘दॅट’ गाळून पाहण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो फसवा आहे. ‘आय नो दॅट ही लेफ्ट’ आणि ‘द बुक दॅट आय बॉट’, दोन्हींतून ‘दॅट’ गाळता येतो. त्याऐवजी ‘दॅट’च्या पुढचा भाग एकटा वाचा. ‘ही लेफ्ट’ हे पूर्ण वाक्य आहे, म्हणून तिथे कंजंक्शन. ‘आय बॉट’ अपुरे आहे, काय विकत घेतले त्याची जागा रिकामी राहते, आणि ती ‘दॅट’ भरतो. म्हणून संबंधी सर्वनाम. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’ आणि ‘द न्यूज दॅट ही डाइड’ ही जोडी या चाचणीने लगेच वेगळी होते. पहिल्यात जागा रिकामी आहे आणि ‘व्हिच’ बसते. दुसऱ्यात रिकामी जागा नाही आणि ‘व्हिच’ बसत नाही. मोठ्याने वाचताना कानही मदत करतो. या दोन कामांत ‘दॅट’चा उच्चार सहसा आखूड, ‘दट’सारखा होतो, डिटरमायनर, दर्शक सर्वनाम आणि ॲडव्हर्ब म्हणून तो पूर्ण उच्चारला जातो.

‘टू’चा (टी-ओ अशा स्पेलिंगचा) घोळ लेखनातही चुका घडवतो. ‘आय वेंट टू पुणे’ यात प्रिपोझिशन, ‘आय वॉन्ट टू गो’ यात मूळ क्रियापदाची खूण. संशय आला तर पुढचे क्रियापद काढून नाम ठेवा. ‘आय लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ जमते, म्हणून तिथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे आणि म्हणूनच ‘टू मीट यू’ चूक, ‘टू मीटिंग यू’ बरोबर. ‘आय वॉन्ट टू द ट्रिप’ जमत नाही. ‘आय यूज्ड टू लिव्ह हिअर’ आणि ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग हिअर’ यांतला फरकही हाच.

‘अप’, ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘ऑन’ यांना उजवीकडे पाहण्याचा नियम पुरत नाही, कारण पुढे नाम असूनही ते पार्टिकल, म्हणजे क्रियापदाचाच भाग बनलेले छोटे शब्द, असू शकतात. ‘ही टर्न्ड ऑफ द लाइट’ आणि ‘ही टर्न्ड ऑफ द रोड’ दिसायला एकसारखी आहेत. नाम अलीकडे सरकवा. ‘टर्न्ड द लाइट ऑफ’ बरोबर, म्हणजे पार्टिकल. ‘टर्न्ड द रोड ऑफ’ अशक्य, म्हणजे प्रिपोझिशन. नामाऐवजी ‘इट’ घातले की निकाल अधिक स्पष्ट होतो: पार्टिकल असेल तर ‘इट’ मध्येच यावे लागते, ‘टर्न्ड इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’चा एकत्रित अर्थ वेगळा आहे म्हणून त्यातला ‘आफ्टर’ पार्टिकल समजू नका. ‘लुक हर आफ्टर’ होत नाही. अर्थ वेगळा होणे ही कसोटी नाही, जागा बदलता येणे ही कसोटी आहे.

बाकीचे थोडक्यात. ‘बट’च्या जागी ‘एक्सेप्ट’ बसले तर प्रिपोझिशन (‘नोबडी बट हिम’), ‘ओन्ली’ बसले तर ॲडव्हर्ब (‘ही इज बट अ चाइल्ड’), एरवी कंजंक्शन. ‘हर’ला पुल्लिंगी करा: ‘हिम’ आले तर कर्मरूप सर्वनाम, ‘हिज’ आले तर मालकीदर्शक डिटरमायनर. ‘आय सॉ हर डक’ यात दोन्ही येतात, आणि ‘डक’ बदक की डोके खाली घेण्याची क्रिया हे संदर्भावरच ठरते. ‘देअर इज अ प्रॉब्लेम’चा जोडप्रश्न ‘इजन्ट देअर?’ होतो, म्हणून तिथला ‘देअर’ केवळ कर्त्याची जागा धरतो. ‘पुट इट देअर’मधला ॲडव्हर्ब आहे.

निकाल लिहिण्याआधी कोणती पद्धत पाळायची ते मात्र ठरवून घ्या. शालेय आणि स्पर्धा परीक्षांत ‘बिफोर द मीटिंग स्टार्टेड’मधले ‘बिफोर’ कंजंक्शनच लिहावे. हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांच्या 2002 च्या केंब्रिज इंग्रजी व्याकरणात मात्र तेही प्रिपोझिशन आहे. संगणकासाठी मजकुराला शब्दजातीच्या खुणा लावताना पेन ट्रीबँक या खुणा लावलेल्या इंग्रजी मजकुराच्या संग्रहात प्रिपोझिशन आणि उपवाक्य जोडणारे कंजंक्शन या दोघांना ‘आयएन’ ही एकच खूण आहे आणि ‘टू’ला स्वतंत्र खूण. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या अनेक भाषांसाठीच्या खुणांच्या पद्धतीतल्या 17 वर्गांत मात्र हे दोघे वेगळे होतात, आणि ‘टू’ कुठे प्रिपोझिशन, कुठे क्रियापदाची खूण, हे प्रत्येक वाक्यात पाहावे लागते. त्यामुळे पेन ट्रीबँकच्या खुणा युनिव्हर्सल डिपेंडन्सीजमध्ये बदलताना ‘आयएन’ आणि ‘टू’ असलेली वाक्ये यांत्रिक अदलाबदलीवर सोडू नका. ती वेगळी काढून पुन्हा तपासा.