आपल्या गावात गेमिंगचा मेळावा कसा भरवायचा

कुडाळात माझं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेली चार वर्षं दर मे महिन्यात आम्ही टेक्केन या दोघांत खेळायच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा एक दिवसाचा मेळावा भरवतो. "घरबसल्या ऑनलाइन खेळता येतं, मग हॉल कशाला घ्यायचा?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. म्हणून आधी तेवढं सांगतो आणि मग कामाला लागू.

देवगडकडच्या एका मुलाशी मी दोन वर्षं ऑनलाइन खेळत होतो. तो हरायला आला की हमखास लाईन तुटायची. मी त्याला मनातल्या मनात पळपुटा ठरवून टाकला होता. पहिल्या मेळाव्याला तो आईबरोबर एसटीने आला. बोलताबोलता कळलं, संध्याकाळी त्यांच्या वाडीत व्होल्टेज पडतं आणि राउटर बंद होतो. दोन वर्षं ज्या पोराचा मला राग होता, ते पोर तर बोलायलाही लाजत होतं. त्याच दुपारी त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही अंगठा उचलताय, तो घसरवा." कोरियन बॅकडॅशसाठी, म्हणजे खेळातल्या माणसाला झपाझप मागे सरकवायच्या डावासाठी, मागे, मागे, मग तिरकं खाली-मागे आणि परत मागे दाबायचं, हे मला तोंडपाठ होतं. व्हिडिओ बघून सहा महिने घासलं, पण व्हिडिओत पडद्यावरचा माणूस दिसतो, खेळणाऱ्याचा अंगठा दिसत नाही. शेजारी बसलेल्या पोराने ते दहा मिनिटांत बसवून दिलं.

अमेरिकेतला ई३ हा मोठा गेमिंग मेळा १९९५ साली सुरू झाला आणि २०२३च्या डिसेंबरात कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून मेळाव्यांचे दिवस संपले असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ई३मध्ये मुख्य काम नवीन गेम दाखवण्याचं होतं आणि ते कंपन्या आता व्हिडिओवरून करतात. समोरासमोर खेळायचं काम व्हिडिओने होत नाही. फायटिंग गेमची इव्हो स्पर्धा १९९६ साली कॅलिफोर्नियात ४० खेळाडूंवर सुरू झाली, तेव्हा तिचं नावही वेगळं होतं. २०२३ला तिथे एकट्या स्ट्रीट फायटर ६मध्ये ७,०००हून जास्त जण उतरले. आणि लाहोरचा अर्सलान अॅश? एकमेकांशेजारी बसून सराव करणाऱ्या पोरांतून तो वर आला आणि २०१९मध्ये जपानची इव्हो आणि अमेरिकेची इव्हो, दोन्हीकडे टेक्केन ७ जिंकला. त्याच्या आधी तिथल्या खेळाची जगाला खबरच नव्हती. कुडाळ, सावंतवाडी, मालवणात असं पोर नसेल कशावरून?

तर आता कामाचं. तारीख मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली धरा. चाकरमानी गावात असतात, शाळांना सुट्टी असते. मृग लागला की लाईटचा भरवसा नाही. गणपतीत तर कोणाला विचारूच नका. मे महिन्यात मंगल कार्यालयं लग्नांनी भरलेली असतात, त्यामुळे शाळेचे दोन वर्ग मागा. मुख्याध्यापकांना मार्चमध्येच जाऊन भेटा आणि लेखी अर्ज द्या.

सगळ्यात जास्त डोकं विजेवर लावा. एक टीव्ही साधारण १०० वॅट आणि एक कन्सोल (गेम चालवायचं यंत्र) २०० वॅट धरा, दोन्ही मिळून एक सेट. म्हणजे सहा सेटचे १,८०० वॅट, २३० व्होल्टला जवळपास ८ अँपिअर. वर्गातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. एका सॉकेटवर एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत गेलात तर वायर तापणारच. आदल्या दिवशी वायरमनला नेऊन दोन वेगवेगळ्या लाईनींवर तीन-तीन सेट वाटून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या, जुन्या शाळांत ते नावालाच असतं. प्रत्येक सेटला स्टॅबिलायझर लावा. आमच्याकडे एका वर्षी व्होल्टेज उसळलं आणि एका पोराच्या घरचा टीव्ही गेला. त्याच्या वडिलांसमोर उभं राहताना मला जे वाटलं, ते तुमच्यावर येऊ नये.

टीव्ही लोकांच्या घरून येतात, म्हणून प्रत्येकावर गेम मोड चालू आहे ना हे स्वतः बघा. टेक्केन सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, चालतो, एक फ्रेम जेमतेम १७ मिलिसेकंदांची. गेम मोड बंद असेल तर टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात अशा कित्येक फ्रेम खातो. मग हरलेला पोरगा टीव्हीला दोष देतो, आणि तो बरोबर असतो.

वायरलेस कंट्रोलर दारातच गोळा करा. दुसऱ्या वर्षी फायनलला दोघंही शेवटच्या राउंडला, दोघांचीही लाईफ बोटभर उरलेली. मागे बाकावर बसलेल्या मुलाने बॅगेतून स्वतःचा कंट्रोलर काढून सहज बटण दाबलं. तो सकाळी त्याच कन्सोलला जोडलेला होता. गेम पॉज झाला आणि वर्गात सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तेव्हापासून स्पर्धेला फक्त वायरचे कंट्रोलर.

डबल एलिमिनेशनच ठेवा. दोनदा हरल्याशिवाय कोणी बाहेर जात नाही. लांबून आलेलं पोर एका सामन्यात बाद होऊन दिवसभर भिंतीला टेकून बसलं तर पुढच्या वर्षी येत नाही. १६ जणांचे ३० किंवा ३१ सामने होतात. चार सेटवर स्पर्धा आणि दोन मोकळे, असं वाटप करा. मोकळे सेट मुलींना, लहानग्यांना, बघायला आलेल्यांना. गेल्या वर्षी एक आजी नातवाला न्यायला आल्या आणि "माका पण शिकव रे" म्हणत तासभर बसल्या.

चहा, भजी, कोकम सरबत बाहेरच्या ओटीवर. कन्सोलजवळ सरबताचा ग्लास अजिबात नको.

बक्षीस समारंभ झाला की लगेच वायरी गुंडाळू नका. तासभर सेट चालू ठेवा. जिंकलेला हरलेल्याला बोलावून "तू इथे वाकतोस, म्हणून मार खातोस" असं दाखवतो, ते याच तासात. फक्त प्रत्येक गावाची शेवटची एसटी किती वाजता ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पहिल्या वर्षी आम्ही लिहिलं नव्हतं. देवगडच्या मायलेकांना रात्री दुकानाच्या व्हॅनमधून मी घरी सोडलं, आणि तो मुलगा वाटभर माझ्या अंगठ्याबद्दलच बोलत होता.