कोपिंगमधला 10 मिलिमीटरचा फरक

पुण्यातील एका स्थानिक स्पर्धेसाठी आम्ही दीड मीटर उंचीचा क्वार्टर पाइप, म्हणजे स्केटबोर्ड आणि सायकलच्या कसरतींसाठीचा वक्र चढाचा रॅम्प, बांधला होता. वक्राची त्रिज्या 2.4 मीटर धरल्यामुळे पायाची लांबी साधारण 2.23 मीटर आली, आणि 18 मिलिमीटर प्लायच्या फासळ्यांवर 6 मिलिमीटरचे दोन थर, सांधे एकमेकांवर येऊ न देता, ठोकल्याने पृष्ठभागही एकसंध झाला. सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी मात्र, रॅम्पवर परत उतरताना एका मुलीच्या स्केटबोर्डची मागची चाके कोपिंगवर, म्हणजे वरच्या काठावरील लोखंडी पाइपवर, अडकली आणि ती खांद्यावर आदळली. सुदैवाने हाड शाबूत राहिले. बीएमएक्सवाल्यांना, म्हणजे कसरतींच्या छोट्या सायकली चालवणाऱ्यांना, काहीच जाणवले नव्हते, कारण 20 इंची चाक जो उंचवटा सहज ओलांडते, तो 52 मिलिमीटरच्या चाकाला भिंतीसारखा असतो.

पट्टी लावून पाहिले तेव्हा पाइप 8 ऐवजी 18 मिलिमीटर बाहेर आलेला दिसला. ‘दोन इंची’ पाइप म्हणून मी खाच 50 मिलिमीटरच्या हिशेबाने कापली होती. प्रत्यक्षात त्या पाइपचा बाहेरील व्यास सुमारे 60 मिलिमीटर असतो. ही चूक सर्वस्वी माझी होती. पाइप उतरवून प्रत्येक फासळीतील खाच दोन्ही बाजूंनी 10 मिलिमीटर वाढवली, पाइप आतून स्क्रूने घट्ट आवळला आणि टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवून पाहिले. आता पाइप हातात घेऊन, कॅलिपरने मोजल्याशिवाय मी खाच आखत नाही.