क्षमा करताना होणाऱ्या चुका: राग का जात नाही आणि काय करून पाहावं

"मी क्षमा केलीय, पण तो समोर आला की अजून अंगाची लाही लाही होते." मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं प्रार्थना करणारी माणसंही हे सांगतात आणि सांगताना मान खाली घालतात. त्यांचा विश्वास कमी पडला असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा सुरुवातच उलटी झालेली असते. झालेलं नुकसान आधी लहान करून घ्यायचं आणि मग ते सोडलं असं म्हणायचं. अशानं ते सुटत नाही, आत मुरतं.

"जाऊ दे, काही झालं नाही" म्हणणं

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? येशू साताच्या सत्तर वेळा म्हणतो आणि लगेच एका चाकराचा दाखला देतो. हा चाकर राजाचं दहा हजार तालंत देणं लागत होता. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालंतात साधारण सहा हजार दीनार. हिशेब सहा कोटी दिवसांच्या मजुरीवर जातो. ते फिटणं शक्यच नव्हतं. राजानं ते सगळं सोडलं. मग हाच चाकर बाहेर पडून सोबत्याचा गळा धरतो, शंभर दीनारांसाठी.

प्रवचनात ही दुसरी रक्कम अनेकदा 'क्षुल्लक' म्हणून सांगितली जाते. पण शंभर दिवसांची मजुरी म्हणजे मजुराची जवळपास चार महिन्यांची कमाई. एवढे पैसे बुडाले तर कोणाचंही घर हलेल. येशूनं दुसऱ्या चाकराचं देणं चार-पाच दीनार ठेवलं नाही. तुमचं जे गेलं ते खरोखर गेलं, हे तो मान्य करतो आणि त्यानंतर सोडायला सांगतो.

म्हणून आधी हिशेब पूर्ण मांडा. एकट्यानं बसा, कागद घ्या. "त्यानं मला दुखावलं" इतकं मोघम लिहू नका. "बाबा दवाखान्यात असताना तू एकदाही फोन उचलला नाहीस, आणि अंत्यविधीच्या दिवशी चारचौघांत म्हणालास की माझा त्यांच्या पैशावर डोळा होता," इतकं नेमकं लिहा. त्यापायी काय गेलं तेही लिहा: झोप, लोकांतलं नाव, भावाचं घर. लिहिताना रडू येईल, संतापही होईल. होऊ द्या. बायबलच्या ५५व्या स्तोत्रात हेच आहे. शत्रूनं निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तो तू होतास, माझा सोबती. हे गाऱ्हाणं देवापुढे मांडलेलं आहे आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे.

मग तो कागद देवासमोर मोठ्यानं वाचा आणि म्हणा, "प्रभू, हे माझं येणं आहे. याची वसुली मी करणार नाही, हे तुझ्या हाती देतो." रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो: सूड तुम्ही घेऊ नका, तो देवाकडे सोपवा. नंतर कागद फाडून टाका. घरात कोणाच्या हाती लागला तर नवं भांडण उभं राहील.

राग आला म्हणजे पाप झालं असं धरून चालणं

वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, बरं करावं की नाही, या प्रश्नावर गप्प बसलेल्या लोकांकडे येशूनं रागानं पाहिलं, असं मार्क लिहितो. त्याच वाक्यात तो खिन्न झाला असंही आहे. रागावा, परंतु पाप करू नका, असं पौल इफिसकरांना सांगतो. पुढचं वाक्य, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये, हे मात्र घराघरांत चाबकासारखं वापरलं जातं. दिवसभर दमलेले नवरा-बायको रात्री अकरा वाजता भांडण मिटवायला बसतात आणि नको ते बोलून जातात. पौल इथे ज्या चौथ्या स्तोत्राचा आधार घेतो, ते तर अंथरुणावर मनाशी विचार करून स्तब्ध राहायला सांगतं. "आता दोघंही तापलोय, उद्या सकाळी बोलू, मी कुठे जात नाही," एवढं खरेपणानं सांगून झोपा. पण सकाळी खरंच बोला.

क्षमा केली म्हणून पुन्हा तसंच वागू देणं

यात माणसांची आयुष्यं बरबाद होतात. दावीदाच्या जिवावर उठलेला शौल राजा एन-गेदीच्या गुहेत दावीदाच्याच हाती सापडला होता. दावीदानं त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, त्याला हात लावला नाही. शौल रडला, "तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस" म्हणाला. त्यानंतर शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर गेला. शौलाच्या घरी परतला नाही.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायातही दोन माणसं आहेत. ज्या मार्कावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं बिनसलं होतं, त्याला पौल आता बोलावून घेतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणतो. आणि ज्यानं फार वाईट केलं त्या आलेक्सांद्र तांबटाची परतफेड प्रभूवर सोपवून तीमथ्याला बजावतो, त्याच्यापासून जपून राहा. सूड सोडणं तुमच्या एकट्याच्या हातात आहे. विश्वास पुन्हा बसायला समोरच्याचं वागणं बदलावं लागतं.

घरात मार खाणाऱ्या बाईला "साताच्या सत्तर वेळा" ऐकवून त्याच घरात परत पाठवणं हा वचनाचा गैरवापर आहे. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी हलवा, पोलिसांत जायचं असेल तर सोबत जा. ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जमावानं जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. शिक्षा झाली म्हणून त्यांची क्षमा काही रद्द झाली नाही.

राग परत आला की "सगळं फुकट गेलं" म्हणणं

भावांनीच विकलेला योसेफ पुढे मिसर देशात मोठा अधिकारी झाला. थोरल्या मुलाचं नाव ठेवताना तो म्हणाला होता की देवानं मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. मग दुष्काळात धान्यासाठी तेच भाऊ समोर आले आणि त्याला बाजूला जाऊन रडावं लागलं. सतराव्या वर्षी विकला गेलेला हा माणूस भावांना मिठी मारतो तेव्हा चाळिशीला टेकलेला आहे. जुनी आठवण उसळली म्हणून आधीची क्षमा खोटी ठरत नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणा: "याची वसुली मी करणार नाही." आणि त्या माणसासाठी एकच नेमकी गोष्ट मागा, त्याच्या मुलाची परीक्षा किंवा त्याची तब्येत. सुरुवातीला दातओठ खात मागाल. हरकत नाही, मागा.

"प्रार्थनेसाठी सांगतेय हं, बाहेर बोलू नका"

या एका वाक्यानं किती जणांची नावं किती घरांत फिरली असतील! मत्तय १८ मधला क्रम सरळ आहे: आधी दोघंच असताना बोला, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घ्या, त्यानंतर मंडळी. मन मोकळं करायला पाळक (मंडळीचे धर्मगुरू) किंवा एखादी पोक्त व्यक्ती पुरे. जिथे मारहाण किंवा धमक्या आहेत तिथे मात्र एकट्यानं अजिबात जाऊ नका.

न मागता क्षमा जाहीर करणं

ज्याला आपण दुखावलंय हे माहीतच नाही, त्याला "मी तुला क्षमा केलीय" सांगितलं की तो आरोपच ऐकतो. तिथे "त्या दिवशीचं बोलणं मला लागलं" इथून सुरुवात करा. आणि चूक तुमची असेल तर "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" नको. "मी खोटं बोललो, त्यात तुझं नाव गेलं, मला क्षमा कर," इतकंच म्हणा आणि थांबा. समोरच्याला उत्तर द्यायला वेळ लागला तर तो द्या, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारू नका.