नायटिनॉलचा फीडस्टॉक साच्यात नीट वाहत नाही? या चुका टाळा

नायटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा, तापवल्यावर मूळ आकारात परतणारा मिश्रधातू. त्याचे भाग इंजेक्शन मोल्डिंगने करताना धातूची पावडर आणि तिला वाहते ठेवणारा बाइंडर यांचे मिश्रण, म्हणजे फीडस्टॉक, मशीनच्या तापवलेल्या नळीतून (बॅरलमधून) साच्यात दाबतात; नंतर बाइंडर काढून भाग भट्टीत भाजतात. साचा अर्धवट भरला की बहुतेकांचा हात आधी बॅरलच्या तापमानाकडे जातो. तापमान वाढवले की व्हिस्कॉसिटी (मिश्रणाचा घट्टपणा) उतरते हे खरे. पण मेणाचा बाइंडर फार पातळ झाला, तर दाबाखाली तो धातूचे कण मागे ठेवून एकटाच पुढे सरकतो. मग भागात कुठे पावडर दाटते, कुठे बाइंडर साचतो आणि सिंटरिंगमध्ये (भट्टीत कण एकमेकांना जुळताना) भाग वाकडा होतो.

दुसरी पळवाट म्हणजे बाइंडर वाढवणे. नायटिनॉलच्या बाबतीत मला हीच सर्वांत घातक वाटते. बाइंडर जास्त म्हणजे आकुंचन जास्त आणि काढून टाकायचा कार्बनही जास्त. उरलेला कार्बन टायटॅनियमशी जुळून कार्बाइड बनवतो. तेवढे टायटॅनियम मूळ धातूतून कमी होते आणि निकेलचे प्रमाण चढते. निकेल ५० अणु-टक्क्यांच्या वर असताना ०.१ टक्क्याच्या वाढीनेही रूपांतराचे तापमान (ज्याला स्फटिकरचना बदलून भाग मूळ आकारात परततो) सुमारे १० अंशांनी घसरू शकते. भाग मापात बसतो, दिसायलाही चांगला असतो, पण हव्या त्या तापमानाला मूळ आकारात परतत नाही.

‘पावडर आणखी बारीक घ्या’ हा सल्लाही तपासून घ्यावा. कण जितके बारीक, तितके एकूण पृष्ठफळ मोठे. त्यामुळे मिश्रण घट्ट होते आणि ऑक्सिजनही जास्त येतो. तो ऑक्सिजनही टायटॅनियमच खातो. त्यापेक्षा गॅस-अ‍ॅटमाइज्ड (वितळलेला धातू वायूच्या झोताने फोडून केलेले) गोल कण घ्या आणि लहानमोठ्या आकारांचे मिश्रण ठेवा. मोठ्या कणांमधल्या फटी लहान कण भरतात, त्यामुळे तेवढ्याच पावडरला वाहण्यासाठी बाइंडर कमी लागतो.

मोजमापातली चूक तर सर्रास दिसते. मेल्ट फ्लो इंडेक्सच्या (ठरावीक वजनाखाली ठरावीक वेळात किती माल वाहतो याच्या) एका आकड्यावर विसंबू नका. इंजेक्शनच्या वेळी शिअर रेट (मालाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा दर) साधारण १०० ते १०,००० प्रति सेकंद या पट्ट्यात असतो, म्हणून कॅपिलरी रिओमीटरवर (बारीक नळीतून माल ढकलून व्हिस्कॉसिटी मोजणाऱ्या यंत्रावर) शिअर रेटनुसार व्हिस्कॉसिटीचा पूर्ण वक्र काढा. व्हिस्कॉसिटी या पट्ट्यात १,००० पास्कल-सेकंदांच्या खाली असावी आणि शिअर वाढेल तशी उतरत जावी, म्हणजेच प्रवाह घातांक (शिअर रेटसोबत ताण किती वेगाने वाढतो ते सांगणारा आकडा) १ पेक्षा कमी हवा. तो १ च्या वर गेला, तर पावडर आणि बाइंडर वेगळे होत असल्याची शंका घ्या आणि मशीनची सेटिंग बदलण्याआधी मिश्रण पाहा. कॅपिलरीच्या तोंडाशी होणारी दाबाची घट वजा केली नाही, तर व्हिस्कॉसिटी खोटी जास्त दिसते. हे बॅगली करेक्शन बरेच जण गाळतात.

मिक्सरचा टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) स्थिर होण्याआधी मिक्सिंग थांबवू नका. शंका असेल तर लॉटमधून अनेक ठिकाणचे नमुने घेऊन पिक्नोमीटरवर घनता मोजा. आकडे पांगले असतील, तर पुन्हा मळा. रनरचा (साच्याकडे नेणाऱ्या वाटेत गोठलेला) माल परत वापरताना मात्र वक्र नव्यानेच काढावा लागतो, कारण वारंवार तापल्याने बाइंडरमधले मेण आणि स्टिअरिक आम्ल कमी होते आणि जुनी सेटिंग लागू पडत नाही.