साध्या इलेक्ट्रिक गिटारला स्वस्तात खर्ज

गिटारचा पूर्ण बेस (खालच्या सुरांची, जाड तारांची गिटार) होत नाही. बेसवर तारेची मोकळी लांबी 34 इंच, गिटारवर साडेपंचवीस. बेसचा खालचा ई (41 हर्ट्झ) लावायला गेलात तर तार लोंबकळते. बी (62 हर्ट्झ) मात्र आरामात मिळतो. त्यासाठी 14-68 चा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) बॅरिटोन, म्हणजे जाड तारांचा संच घ्या आणि सहाही तारा पाच पडदे खाली लावा: बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी.

खरी कटकट नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची. जाड तार जुन्या खाचेत बसतच नाही. महागड्या कानशी कशाला? उद्यमनगरात गॅस-कटिंगचा नोझल क्लीनर मागा, त्याच्या खरखरीत सळ्यांनी खाच रुंदावते. उतार खुंट्यांकडे हवा, नाहीतर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. तार निम्मी बुडाली की थांबा; फार खोल गेलं तर नटच बदलावा लागतो.

68 ची तार खुंटीच्या भोकात शिरत नसेल तर आधी ती काटकोनात वाकवा, मगच वाकापुढचं वेटोळं सोडवा. न वाकवता कापलं तर वेटोळं पार आतपर्यंत सैल होतं.

बाराव्या पडद्यावर दाबून आलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून छेडल्यावर येणारा सूर) चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता टेकू) मागे न्या. टोनच्या नॉबला 0.022 ऐवजी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डाखा. फरक नॉब उतरवल्यावरच कळेल.