एकच ओपनिंग, पण मुरलेलं: तिव्याकोवच्या डावांवरून कसं शिकायचं

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठंही रविवारच्या बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळेच्या) टूर्नामेंटला जा, पोरं चहाच्या टपरीपाशी मोबाईल घेऊन उभीच असतात, या आठवड्यात नायडॉर्फ ओपनिंग, म्हणजे डाव सुरू करायच्या ठरलेल्या चाली, पुढच्या आठवड्यात ग्रुनफेल्ड, त्याच्या पुढच्या आठवड्यात कुठल्या व्हिडिओत बघितलेला गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं बळी द्यायची चाल). मी पण पाच-सहा वर्षं हेच केलं आणि रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, जिथं होतं तिथंच राहिलं. मग हाती लागला सर्गेई तिव्याकोव, आणि आता माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिले याचेच डाव दाखवतो.

हा माणूस कोण ते थोडक्यात सांगतो कारण आपल्याकडे फार कमी लोकांना नाव माहीत असतं. जन्म १९७३, रशियातलं क्रास्नोदार, नंतर नेदरलँड्सला गेला, २००६ आणि २००७ ला तिथला चॅम्पियन, २००८ ला युरोपचा चॅम्पियन, त्याआधी १९९४ ला पीसीए या संघटनेच्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, इंग्लंडच्या मायकेल अॅडम्सशी मॅच खेळला होता. आणि खरी गोष्ट पुढेच आहे, २००४ ते २००५ मध्ये सलग ११० डाव हा माणूस हरला नाही. तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनने जानेवारी २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेत हा आकडा ओलांडला तेव्हा कुठं जगभर तिव्याकोवचं नाव परत निघालं. काही जण म्हणतात की त्या ११० मध्ये कमी रेटिंगवाले पण बरेच होते. असतील. पण भो, कमी रेटिंगवाल्याशी सुद्धा शंभर डाव न हरता बसून दाखवा, तिथंच तर आपण सगळे पडतो.

आता मजा अशी की हा काय खेळणार ते समोरच्याला आधीच माहीत असतं. काळ्याने ई४ ला डी५ (पटाचे उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८, त्यावरून घराचं नाव), म्हणजे स्कॅन्डिनेव्हियन ओपनिंग, आणि त्यात पण वजीर डी६ ला. पांढऱ्याने सिसिलियन (ई४ ला काळ्याचं सी५) आलं की सी३, नाहीतर उंट बी५ ला. समोरचे ग्रँडमास्टर रात्रभर तयारी करून यायचे आणि तरी अर्धा पॉइंट घेऊन, नाहीतर तोही न घेता जायचे. आपल्या रावेरकडचा शेतकरी दरवर्षी केळीच लावतो, अख्ख्या गावाला माहीत असतं, पण पान बघून झाडाला काय कमी पडलं ते त्याला जे कळतं ते पहिल्यांदा केळी लावणाऱ्याला कळत नाही. तिव्याकोवचं तसंच आहे.

तर शिकायचं कसं. फुकट डेटाबेस आहेत, लिचेस या बुद्धिबळाच्या फुकट वेबसाइटवर पण बरंच मिळतं, त्यातून त्याचे काळ्याने खेळलेले फक्त स्कॅन्डिनेव्हियनचे वीसेक डाव काढा. इंजिन, म्हणजे चाल चांगली की वाईट ते आकड्यात सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, बंद. हे मी प्रत्येक पोराला दहा वेळा सांगतो, इंजिन चालू असलं की डोळा त्या आकड्यावर जातो आणि डोकं बंद होतं. पहिल्या पंधरा चाली भराभर बघा आणि पंधराव्या चालीला थांबून वहीत पट काढा, फक्त प्यादी आणि वजीर, बाकी मोहरे नको. असे सात-आठ पट झाले की तुम्हालाच दिसेल, काळ्याची प्यादी बहुतेक सी६ आणि ई६ वर, पांढऱ्याचं एक डी४ वर. तीच ती रचना परत परत.

मग चालींकडे या. पांढरा ई४, काळा डी५, पांढऱ्याने प्यादं मारलं, वजिराने परत मारलं, घोडा सी३ ला येऊन वजिराला हुसकावतो. इथं जुनी रीत म्हणजे वजीर ए५ ला. तिव्याकोव डी६ ला ठेवतो, कारण तिथून वजीर मध्यावर नजर ठेवतो आणि एका कोपऱ्यात अडकून पडत नाही. याची किंमत पण आहे, एफ८ च्या उंटाची वाट आपणच अडवतो, म्हणून बऱ्याच डावांत तो जी६ करून उंट जी७ ला काढतो. पण नवीन माणसाने आधी सी६ वालं शिकावं असं माझं मत आहे, बी५ ला घोडा येत नाही आणि वजिराला सी७ चं घर मिळतं, जीव घाबरा होत नाही.

यात एक जागा नीट पाठ करा, पाठ म्हणजे समजून. पांढऱ्याने डी४, काळ्याने घोडा एफ६, पांढऱ्याने घोडा एफ३, काळ्याने सी६, आणि पांढरा घोडा ई५ ला घुसवतो. आता घोडा सी४ ला येऊन वजिराला हाकलायची धमकी आहे आणि उंट एफ४ ला येऊन घोड्याच्या मागे दबा धरून बसायची पण. काळ्याने बी८ चा घोडा डी७ ला. पांढऱ्याने उंट एफ४. इथं पोरांचे हात थरथरतात कारण ई५ चा घोडा हलला की वजिरावर उंट. उत्तर आहे घोडा डी५, त्या उंटावरच हल्ला. पांढऱ्याने घोड्याने घोडा मारला की आपला वजीर परत मारून पटाच्या मधोमध येऊन बसतो, आणि त्याला हुसकायला सी३ चा घोडाच आता उरलेला नाही. हे एकदा डोक्यात बसलं की वजीर लवकर बाहेर काढू नये हा शाळेत ऐकलेला नियम कुठं लागू होतो आणि कुठं नाही ते कळायला लागतं.

आणि एक चूक जी मी दर महिन्याला बघतो, सी६ च्या ऐवजी घाईने उंट जी४ ला काढणं. दिसायला छान दिसतं. मग पांढरा एच३ करतो, उंट एच५, जी४, उंट जी६, आणि घोडा ई५, आणि आता काळ्याचं सगळं अंगावर येतं. उंट काढायचाच आहे, ई६ करायच्या आधीच काढायचा आहे, पण केव्हा ते तिव्याकोवच्या डावात बघा, तो आधी वजिराची सोय करतो.

पांढऱ्याकडून सी३ का खेळायचं हे मला स्वतःला फार उशिरा उमगलं. सिसिलियनला सी३ केलं, काळ्याने डी५ केलं, आपण मारलं, काळ्याने वजिराने मारलं. बघा नीट, हे तर स्कॅन्डिनेव्हियनच झालं की, फक्त आता आपण दुसऱ्या बाजूला बसलोय, आणि सी३ वर आपलंच प्यादं असल्यामुळे घोड्याने वजीर हुसकावता येत नाही! म्हणजे एकच कल्पना तुम्ही दोन्ही रंगांकडून शिकताय. काळ्याने वजीर असा का ठेवला ते तुम्हाला आतून माहीत असतं. नोकरी, शेती, दुकान सांभाळून खेळणाऱ्याला, ज्याच्या गावात कोच नाही, त्याला याच्यापेक्षा वेळ वाचवणारी गोष्ट मला सापडली नाही. काळा डी५ च्या ऐवजी घोडा एफ६ करतो तेव्हा ई५ करायचं, घोडा डी५, मग डी४, इथपर्यंत सरळ आहे, पुढचं त्याच्या डावांत बघत जा.

विसाव्या चालीच्या पुढे मात्र गाडी हळू करा, कारण खरा तिव्याकोव तिथंच सुरू होतो. मोहरे कमी करत जातो, थोडंसं बरं एंडगेम (मोजके मोहरे उरलेला डावाचा शेवट) मिळालं की तासन्‌तास बसतो, घाई नाही, राजा चालत चालत मध्यावर येतो. उजवीकडच्या चाली कागदाने झाका आणि प्रत्येक चालीला स्वतःला विचारा, इथं मी कुठला मोहरा बदलला असता? तुमचं आणि त्याचं जुळलं नाही तिथं खूण करा. माझ्या खुणा जवळजवळ सगळ्या हत्तीच्या बदलीवर निघाल्या, मी हत्ती ठेवत होतो आणि तो एक जोडी काढून टाकत होता.

सगळे विचारतात, सर समोरच्याने ओळखलं तर? आपल्याकडे स्विस लीगमध्ये (दर फेरीला साधारण सारखे पॉइंट असलेल्यांची गाठ पडते) पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, लागते आणि पंधरा मिनिटांत डाव सुरू होतो, किती तयारी करणार तो. मागच्या मे महिन्यात एका शाळेच्या हॉलमध्ये, बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत दोन कूलर, माझ्याकडची यावलकडची आठवीतली पोरगी बसली होती, समोर कॉलेजचा मुलगा, त्याला पक्कं माहीत होतं की ही डी५ करणार, त्याने दहा चाली हात न थांबवता खेळल्या आणि अकराव्या चालीला घड्याळाकडे बघत बसला, सात मिनिटं गेली त्याची. पाठ केलेलं तिथं संपलं होतं. हिची पण पाठ केलेली चाल संपली होती, पण ती रचना तिने वहीत चाळीस वेळा काढली होती. एक हत्तीची जोडी काढली, राजा मध्यावर आणला, एकसष्टाव्या चालीला त्याने हार मानून हात पुढे केला. बाहेर येऊन वडिलांना म्हणाली, "आबा, त्याने हत्ती बदलला तेव्हाच मला माहीत होतं." आणि लगेच वही काढून तो पट लिहून ठेवला, पुढची फेरी लागायच्या आत.