घरपट्टी वाढून आली? आधी नोंद तपासा, मग हरकत घ्या

चार वर्षांनी फेरआकारणी झाली की भुसावळ, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार कुठेही जा, कर विभागाच्या खिडकीवर एकच वाक्य ऐकू येते: "साहेब, दर फार लावला." एवढ्याने पट्टी कमी होत नाही. दर वर ठरलेला असतो, खिडकीवरचा लिपिक तो बदलू शकत नाही. बदलता येते ती तुमच्या घराची नोंद: क्षेत्रफळ किती, बांधकाम कशाचे, कोणत्या साली झाले, वापर कोणता आणि घरात मालक राहतो की भाडेकरू. या पाच रकान्यांत चूक सापडली तर पट्टी उतरते.

मोबाइलवर फिरणाऱ्या माफीच्या बातम्यांवर विसंबू नका. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराची माफी मुंबई महापालिकेपुरती आहे, आणि स्वतः राहत असल्यास ४० टक्के सवलत पुण्याची. जळगाव-धुळ्यात ती बातमी दाखवून काही मिळत नाही. आपल्याकडे खरोखर लागू असलेली आणि तरीही अनेकांनी न घेतलेली सवलत माजी सैनिकांची आहे. २०२० च्या शासन निर्णयाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका राहत्या घराचा मालमत्ता कर माफ आहे, गावातही आणि शहरातही. ती आपोआप लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. घर अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी नाव लावून घ्या, अर्ज बहुतेक वेळा तिथेच अडकतो.

आता हिशेब. नगरपालिका आणि महापालिकेत घराचे वर्षाचे अपेक्षित भाडे धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर सगळे कर टक्केवारीने लागतात. समजा नोंदीत १,००० चौरस फूट निवासी, महिन्याला फुटाला १ रुपया, आणि पुढच्या खोलीचे १५० फूट दुकान, फुटाला ३ रुपये. महिन्याचे १,४५०, वर्षाचे १७,४००, दहा टक्के वजा जाता १५,६६०. सगळे कर मिळून ३० टक्के धरले तर पट्टी ४,६९८ रुपये. प्रत्यक्षात दुकान कधीच बंद पडले आहे आणि घर एकूण ९८० फूट भरते. मग वर्षाचे ११,७६०, करयोग्य मूल्य १०,५८४ आणि पट्टी साधारण ३,१७५. दराला हात न लावता दीड हजार वाचले, तेही दरवर्षी.

बिलावरच एक खूण मिळते. रोजगार हमी कर फक्त अनिवासी मिळकतीला लागतो. तुमच्या राहत्या घराच्या बिलात त्या ओळीपुढे रक्कम दिसली, तर घराचा काही भाग तरी दुकान किंवा गोदाम म्हणून चढला आहे हे नक्की. शिक्षण करही अनिवासीला जास्त असतो.

बिलावर मोजमाप दिसत नाही. म्हणून आकारणी उतारा आणि पाहणीच्या वेळचा मोजणी तक्ता मागा. तोंडी मागून मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: फी १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. तक्ता हातात आला की टेप घेऊन घर मोजा आणि खोलीगणिक आकडे शेजारी लिहा. चुका ठरावीक ठिकाणी निघतात. पाहणीवाले बाहेरून मोजतात, त्यात ओटा, उघडा जिना, गाडीचे पत्र्याचे शेड सरसकट बांधकाम म्हणून धरले जाते. मागच्या बाजूला जुने धाबे (मातीचे सपाट छत) आणि पुढे नवा स्लॅब असेल तर सगळेच आरसीसी लिहितात. बांधकामाचे वर्ष रिकामे राहिले तर घर नवे समजले जाते. भाडेकरू जाऊन दोन वर्षे झाली तरी नोंदीत तो राहतच असतो. वाटणी झाल्यावर एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना तीच खोली दोनदा चढल्याचेही दिसते.

हरकत लेखी द्या आणि मुद्दा एकेक लिहा: "नोंदीत ११५० चौ. फूट, प्रत्यक्ष ९८० चौ. फूट. दुकान बंद, वापर निवासी. फेरमोजणी करून करयोग्य मूल्य दुरुस्त करावे." "पट्टी परवडत नाही" हे वाक्य गाळा, सुनावणीत त्याची दखल घेता येत नाही. सोबत हाताने काढलेला नकाशा, फोटो, बांधकाम परवानगी किंवा खरेदीखत, आणि दुकान बंद असल्यास घरगुती दराचे वीजबिल जोडा. मीटर व्यापारी ठेवून घर निवासी म्हणणाऱ्याचे कुणी ऐकत नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मात्र परवानगीशिवाय मजला चढवला असेल तर विचार करून पुढे जा. फेरमोजणीत तोही मोजला जाईल, आणि अवैध बांधकामाची शास्ती घरपट्टीच्या दुप्पट असू शकते.

मुदत चुकली की सगळे मुसळ केरात. नगरपालिका आकारणी यादी प्रसिद्ध करते तेव्हा हरकतींना किमान ३० दिवस असतात. महापालिकेत वाढीची नोटीस येते, तिच्यावरची शेवटची तारीख धरा. कामासाठी सुरतला किंवा पुण्याला गेलेल्यांच्या बंद दारावर नोटीस चिकटते आणि मुदत तिथेच सरते, तेव्हा शेजाऱ्याला फोटो पाठवायला सांगून ठेवा.

सुनावणीत समाधान झाले नाही तर अपील. महापालिकेत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात, १५ दिवसांत. नगरपालिकेत १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १६९ खाली, बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत. दोन्हीकडे आधी हरकत घेतलेली हवी आणि वादातली रक्कम भरलेली हवी. वाद चालू आहे म्हणून बिल न भरणे हा सगळ्यात महागडा हट्ट: थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, वर्षाला २४. "हरकत राखून भरणा" असे पत्र देऊन पैसे भरा.

खेड्यात गणित वेगळे आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून ग्रामपंचायत भांडवली मूल्यावर कर लावते. जमीन आणि बांधकामाचे मूल्य, त्यात वयाप्रमाणे घसारा, आणि वापराचा भारांक, म्हणजे ज्याने गुणतात तो आकडा: निवासीला १, व्यापारी वापराला १.२५. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) नमुना ८ चा उतारा घ्या आणि बांधकामाचा प्रकार पाहा. माती, दगड-विटा-माती, सिमेंटचे पक्के आणि आरसीसी असे वेगवेगळे दर असतात. विटा-मातीच्या घराला फक्त समोर प्लास्टर आहे म्हणून पक्के लिहिलेले असते. आधी पंचायतीकडे हरकत, मग पंचायत समितीकडे अपील, त्यापुढे जिल्हा परिषदेची स्थायी समिती.

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी पुढच्या बिलात थकबाकीचा रकाना पाहा. मूल्य उतरते, पण जुन्या आकड्यावरची फरकाची रक्कम संगणकात तशीच राहते. आदेशाची प्रत जोडून ती कमी करायचा वेगळा अर्ज द्या.